९९ चं पाकीट, २८० चा कप आणि सलूनमधली हिरवळ

माझं साताऱ्यात सलून आहे. दोन खुर्च्या, तीन आरसे, एक बाकडं आणि बाकड्यासमोर दोन फुटी फिश टँक. टँक हौसेचा नाही, धंद्याचा आहे. लहान पोरगं खुर्चीवर फळी टाकून बसवलं की मान हलवतं, रडतं, कात्री कानाजवळ नेववत नाही. तेच पोरगं माशांकडे तोंड करून बसवलं की गप. दहा वर्षं त्या टँकमध्ये निळे-गुलाबी खडे, प्लॅस्टिकची झाडं आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या होता, आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं मोबाईलवर एक टँक दाखवला. तळाला खडे दिसतच नव्हते. सगळीकडे बारीक, केसासारखं हिरवं गवत आणि त्यावरून मासे चाललेले. पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर दिसतं ना, तसलं हिरवं. ते डोक्यात बसलं. पुढच्या सहा महिन्यांत मी जे घेतलं, जे फसलं आणि जे जमलं ते लिहितोय. आधी कुणी सांगितलं असतं तर माझे सहा गप्पी वाचले असते.

पहिली खरेदी ऑनलाइन. ९९ रुपयांचं बियांचं पाकीट. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, तेच पाकीट दहा नावांनी मिळतं. चित्रात केसासारखं गवत आणि वर लिहिलेलं, 'बी टाका, पंधरा दिवसांत गालिचा'. आत निघालं खसखशीएवढं तपकिरी बी. ओल्या बोटाला लावलं तर दोन मिनिटांत बुळबुळीत. घरी मंडळी म्हणाली, "अहो, हा सब्जा हाय का काय? फालुदा करू?" मी हसलो. तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं.

कृती सोपी होती. मासे बादलीत काढले, पाणी उपसलं, खडे ओले ठेवून वर बी पेरलं, तोंडाला प्लॅस्टिक ताणून बांधलं. चौथ्या दिवशी कोंब आले. बाराव्या दिवशी खरंच हिरवंगार. गिऱ्हाईक वाकून बघायचं, मी पण हात थांबवून बघायचो. अठराव्या दिवशी पाणी भरलं, मासे सोडले. तीन आठवडे राजासारखे गेले. मग पानं काचेसारखी आरपार दिसायला लागली, देठ काळे पडले, आणि एका रविवारी सकाळी शटर उघडलं तर आत भिजलेल्या कडब्याचा वास. रविवार म्हणजे आमचा दाढी-कटिंगचा मोठा दिवस, बाकड्यावर पाच जण बसलेले. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते आणि मी दाढ्या करत होतो. सोमवारी दुकान बंद असतं, निवांत बघू म्हटलं. सोमवारी सहा गप्पी गेले होते.

पाकिटाला माझ्याकडून शून्य. उणे देता आलं असतं तर उणे दिलं असतं.

दुसरी खरेदी साताऱ्यातच, पोवई नाक्याच्या खालच्या अंगाला एका गल्लीतल्या दुकानातून. मालक पोरगेला आहे, सत्तावीस-अठ्ठावीसचा, कॉलेजात बॉटनी केलेला. दुकानाचं नाव त्याच्याच सांगण्यावरून देत नाही. "काका, नाव टाकलं की लोक येतात, तासभर विचारतात आणि ऑनलाइन घेतात," म्हणाला. मी मान खाली घातली, कारण मी पण तेच करून आलो होतो.

मी पाकीट दाखवलं. त्यानं बी बघितलंही नाही, फक्त विचारलं, "पानं जोडीजोडीनं यायची ना? गोलट?" यायची. मग त्याला गवत म्हणायचंच कसं, हे माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. त्यानं समजावलं ते असं. ही ओलसर जागेत, हवेत वाढणारी झाडं. हवेत तयार झालेलं पान पाण्याखाली गेलं की त्याला हवा पुरत नाही, महिनाभर साठवलेल्यावर जगतं आणि मग कुजतं. कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि अमोनिया सोडतं. मासे गवतानं मारले नाहीत, कुजक्यानं मारले. आणि तळाला पसरणारं खरं केसगवत लोक बी पेरून लावतच नाहीत. ते रनरनं पसरतं. इथं मला एकदम कळलं, कारण माझी सासुरवाडी वाईकडची. स्ट्रॉबेरीच्या आईरोपाला दोरीसारखे रनर सुटतात, प्रत्येक रनरच्या टोकाला नवं रोप धरतं, ते तोडून लावायचं. अगदी तसंच, फक्त मातीखालून. हरळी ज्यानं उपटली असेल त्यानं तर जास्त सांगायला नको.

मला वाटलं आता हा पोरगा खऱ्या केसगवताच्या रोपांचा कप गळ्यात मारणार. त्यानं विकलाच नाही. "आधी टँक रिकामा करा, धुवा, मासे दुसरीकडे ठेवा आणि पुढच्या आठवड्यात या. माती घालायची असली तर लाइटचं पण बघू." धंदा सोडून सल्ला देणारा दुकानदार मी बऱ्याच दिवसांनी बघितला. मी पण डोक्यात कोंडा खूप असला तर केस रंगवू देत नाही, त्यामुळे माणूस पटला.

पुढच्या आठवड्यात त्यानं तीन कप समोर ठेवले. एक मॉन्टे कार्लो, गोल बारीक पानांचं. मला वाटलं जुगारवाल्यांच्या गावचं. तो म्हणाला, नाही, अर्जेंटिनात त्याच नावाचं गाव आहे, तिथलं, आणि नवशिक्याला हेच सोपं. दुसरं केसगवत, 'मिनी' जातीचं. तिसऱ्यावर युट्रिक्युलेरिया ग्रॅमिनीफोलिया असं लांबलचक नाव. मी नुसतं बघत होतो, तर म्हणाला, "काका, हिचीच बहीण आपल्या कासच्या पठारावर आहे. सीतेची आसवं." मला खरं वाटेना. ती जांभळी फुलं आम्ही लहानपणापासून बघतो, गणपतीच्या आगेमागे सडा पडलेला असतो. तिला खरी मुळं नसतात, बारीक फुगे असतात आणि त्यात ती पाण्यातले बारके जीव ओढून घेते, म्हणजे झाड असून मांसाहारी. मी सहज म्हटलं, मग येताना पिशवीभर घेऊन येतो की! त्यानं असं बघितलं की मी गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लावलाय. कासला २०१२ साली जागतिक वारशात घेतलंय, तिथलं पान तोडायचं नाही, आणि आणलं तरी टँकमध्ये चार दिवस जगणार नाही. बरोबरच आहे. लोक फुलांत बसून फोटो काढतात तेव्हा मीच शिव्या घालतो.

मी केसगवत घेतलं. धंद्याला साजेसं. दोन कप, प्रत्येकी २८० रुपये.

आता कपाबद्दल. दह्याच्या वाटीएवढा प्लॅस्टिकचा डबा, झाकण चिकटपट्टीनं बंद. आत तळाला आरपार जेली आणि त्यात उभी दीड इंचाची फिकट हिरवी पाती, गच्च, झिरो मशीन मारून पंधरा दिवस झालेल्या डोक्यासारखी. उलटा धरला की जेलीत पांढऱ्या मुळांचं जाळं दिसतं. प्रयोगशाळेत वाढवलेलं असल्यामुळे शेवाळ नाही, गोगलगाय नाही, तिची अंडी नाहीत. या एका गोष्टीसाठी पैसे वसूल. बाजारात ओलं, दोऱ्यानं बांधलेलं केसगवत स्वस्तात मिळतं, पण त्याच्याबरोबर गोगलगायी फुकट येतात आणि त्या मग जात नाहीत.

जेली पूर्ण धुवायची. तिच्यात साखर असते, राहिली की पाणी नासतं. मी बेसिनवर बारीक धारेखाली धुतलं, शांपू उतरवतो तसं, बोटांनी मुळांपर्यंत जाऊन. धुताना पहिल्यांदा पाती नीट बघितली. गवताला पेर असतं, पान फुटतं. हिला काहीच नाही, नुसती सरळ काडी. ती काडीच देठ आणि तीच पानाचं काम करते. म्हणजे हे गवतच नव्हे, लव्हाळ्याच्या घराण्यातलं आहे. लव्हाळा पुरातसुद्धा तगतो म्हणतात, तेव्हा माझ्या हातून जगेल अशी जरा आशा वाटली.

पोरानं सांगितलं होतं, एका कपाचे चाळीस तुकडे करा. मी बावीसवर दमलो. परत बसलो आणि केले. एका तुकड्यात सात-आठ पाती, मुळं अर्धा इंच ठेवून बाकी कापलेली. लावायला भुवयांचा चिमटा घेतला तो चुकला, हात मनगटापर्यंत मातीत जातो आणि आधी लावलेलं उखडतं. फूटभर लांबीचा चिमटा १५० ला त्याच्याचकडून आणला. माती म्हणजे भाजलेल्या मातीचे काळे दाणे, नऊ लिटरच्या पिशव्या, मागे चार बोटं आणि पुढे दोन बोटं जाड. पाणी फक्त दाणे बुडतील एवढं. चिमटा तिरका खुपसायचा, सोडायचा आणि बाहेर काढताना थोडा थरथरवायचा म्हणजे दाणे मुळावर बसतात. सरळ वर ओढला की रोप चिमट्याबरोबर वर. एक सोमवार सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत गेला. मधेमधे पाती सुकू नयेत म्हणून सलूनचा पाण्याचा फवारा मारत होतो. नवीन बाटली बरं, लोशनची नव्हे.

मंगळवारी शटर उघडल्यावर पहिले आले ते आमचे जुने मास्तर. डोक्यावर चार केस, पण दर महिन्याला कटिंगला येतात. टँककडे बराच वेळ बघून म्हणाले, "हे तर केस लावल्यासारखं दिसतंय रे, पुण्यात डॉक्टर लावतात तसं. माझ्या डोक्यावर पण कर की." दिसत होतंच तसं. काळ्या टाळूवर रांगेनं बसवलेले ठिपके.

आणि लगेच कापायचं. लावल्या लावल्या अर्ध्यावर. कटिंग केल्यानं केस दाट होतात असं गिऱ्हाईक समजतं आणि मी तीस वर्षं सांगतोय की होत नाहीत. केसगवत मात्र होतं. वरचं कापलं की ते खालून नवीन फुटवे काढतं आणि आडवं पळतं. सरळ कात्रीनं जमत नाही, मूठ मातीला टेकते. मिशीची वाकड्या टोकाची कात्री माझ्याकडे होतीच, ती आता टँकचीच झाली. कापलेलं वर तरंगतं, ते चहाच्या गाळणीनं गोळा करायचं.

दुसऱ्या आठवड्यात पाती पिवळी पडली. मी घाबरलो, परत तो कडब्याचा वास येणार म्हणून रोज नाक लावून बघायचो. पोरगा म्हणाला, कपातली पाती अशी जातातच, नवीन येतील ती पाण्यातली. एकविसाव्या दिवशी पुढच्या काचेला चिकटून, मातीच्या आत, पांढरा धागा दिसला. सुईत ओवायच्या दोऱ्याएवढा. दोन दिवसांनी त्याच्या टोकाला वर तीन हिरव्या काड्या. वस्तरा हातात धरून मी मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि खुर्चीतला माणूस साबण लावलेल्या तोंडानं म्हणाला, "पोरगं झालं का काय?"

आता माझ्या चुका. पहिली चूक लाइटची. दुकान सकाळी आठ ते रात्री नऊ, लाइट पण तेवढाच. बाराव्या दिवशी पात्यांवर हिरवं कापसासारखं शेवाळ. लाइट जास्त म्हणजे वाढ जास्त असं नसतं, झाड जेवढं खाऊ शकत नाही तेवढं शेवाळ खातं. ३५० चा टायमर लावून सात तासांवर आणलं, दुपारी एक ते आठ, म्हणजे संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला पण दिसतं. उरलेलं शेवाळ लाल चेरी झिंग्यांनी साफ केलं. लहान पोरं आता माशांपेक्षा त्यांनाच शोधतात.

दुसरी चूक म्हणजे गॅस. केसगवत गॅसशिवाय जगतं, पण गालिचा व्हायला फार वेळ घेतं. झाडाला कार्बन डायऑक्साइड पाहिजे आणि पाण्यात तो थोडाच असतो. मी स्वस्तातला उपाय केला. दोन लिटरची बाटली, साखर, कोमट पाणी, अर्धा चमचा यीस्ट आणि नळी टँकमध्ये. गॅस आला, पण सोबत वासही आला. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं खुर्चीत बसल्या बसल्या नाक वर केलं आणि हळूच विचारलं, "दादा, आत हातभट्टी लावलीय का?" दुसऱ्यानं पडदा बाजूला करून बघितलंच. सलूनची अब्रू असते, बाटली त्याच रात्री घरी नेली. यीस्टचा आणखी एक त्रास म्हणजे तो बंद करता येत नाही, रात्री पण गॅस सोडत बसतो, आणि दोन आठवड्यांत दम संपतो.

मग सायट्रिक ॲसिड आणि खायच्या सोड्याचा दोन बाटल्यांचा संच घेतला, १,८०० ला. त्याला चावी असते, बुडबुडे मोजता येतात. सोबत काचेचा छोटा घंटेसारखा तपासणीस टँकमध्ये लटकवायचा. आतलं पाणी निळं म्हणजे गॅस कमी, हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे जास्त. एका शनिवारी घाईत चावी बंद करायची राहिली. रविवारी सकाळी तपासणीस लिंबासारखा पिवळा आणि मासे वर. या वेळी मात्र दाढी अर्धी टाकून आधी पाणबुड्याची मोटर सुरू केली. अर्ध्या तासात मासे खाली गेले. ज्यांची दाढी अर्धी होती त्यांनी काही म्हटलं नाही. रात्री लाइट नसताना झाडं पण आपल्यासारखा ऑक्सिजनच घेतात, म्हणून गॅस लाइटच्या तासभर आधी चालू आणि तासभर आधी बंद. चावीला आता मी लाल रिबन बांधलीय.

पाण्याबद्दल एवढंच की आमच्या पेठेत कासचं पाणी येतं, मऊ आहे, साबणाला फेस चटकन येतो. केसगवताला ते मानवलं. कासचं पाणी आणि केसाचं गवत, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो आणि तेही दर वेळी हसल्यासारखं करतात. उरलेल्या गप्पींना मात्र एवढं मऊ पाणी आवडत नाही म्हणे, ते मी मेव्हण्याला दिले आणि त्यांच्या जागी निऑन टेट्रा आणले. मेव्हणा सांगलीला असतो, बोअरचं पाणी, काचेवर पांढरा थर येतो. गप्पी तिथं बाळंत होऊन होऊन दमलेत. त्याला केसगवताचे दहा तुकडे पण दिले होते, ते अजून दहाचे पंधराच झालेत. पाण्यामुळे का गॅस नाही म्हणून, हे काही सांगता येणार नाही.

आज लावून साडेचार महिने झाले. पुढचा अर्धा भाग पूर्ण भरलाय, मागे डाव्या कोपऱ्यात लाकडाच्या सावलीत अजून टक्कल आहे. दर तिसऱ्या सोमवारी कापतो. न कापता ठेवलं तर वरचं दाट होतं, खालचं पिवळं पडतं आणि सगळा थर चटईसारखा मातीवरून सुटून येतो, हे उजव्या बाजूला एकदा झालंय. कचरा पात्यांत अडकतो, तो वरून नळीनं हलका ओढावा लागतो. सलूनवाल्यांसाठी खास सूचना, टँकला काचेचं झाकण पाहिजेच. उडालेले बारीक केस पाण्यात गेले की गवत कुठलं आणि केस कुठले कळत नाही, आणि पावडर, स्प्रेचा पाण्यावर तवंग येतो.

खर्च विचारतात म्हणून सांगतो. दोन कप ५६०, माती १,३५०, लाइट १,२००, गॅसचा संच १,८००, टायमर ३५०, चिमटा १५०, आणि ते ९९ चं पाकीट. साडेपाच हजार. मंडळींना साडेतीन सांगितलेत. कपाला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण कपावर काहीच लिहिलेलं नव्हतं, धुवायचं किती, तुकडे किती, काही नाही. त्या पोराच्या दुकानाला पूर्ण पाच. तो नसता तर कप पण पाकिटाच्या वाटेनं गेला असता. ज्याला गॅस, टायमर, कापाकापी नको असेल त्यानं केसगवत घेऊ नये, हेही त्यानंच आधी सांगितलं होतं.

मागच्या सोमवारी पुढून हाताच्या पंज्याएवढा एक तुकडा मुळासकट कापून काढला. चहाच्या कागदी कपात, वर ओला टिश्यू ठेवून तो मास्तरांनी नेला. त्यांच्या घरी टँकला माती नाही, गॅस नाही, खिडकीतलं ऊन तेवढं आहे. पुढच्या महिन्यात ते चार केस कापायला येतील तेव्हा कळेल.